बोर्ड जळाला, दोष गावच्या लाईटले

आज अमरावतीच्या कार्यशाळेत जे माझ्यासोबत बसले होते, त्यायच्यासाठीच लिहून राहिली.

विषय भारी होता. वायरी खोचून आवाज बनवायचा सिंथेसायझर अन् तळहाताएवढा कॉम्प्युटर बोर्ड एकमेकाले जोडायचे. सिंथनं इशारा धाडायचा, बोर्डानं उत्तर द्यायचं. सर पुण्याहून आलेले. सिंथ त्यायचा, बोर्ड माझा, अकोल्याहून सकाळच्या गाडीनं नेलेला.

सरायनं सिंथची वायर थेट बोर्डाच्या पिनेत घातली. मी म्हटलं, "सर, यातून दहा व्होल्टपर्यंत येते. बोर्डाले तीनच झेपते. व्होल्टेज कमी कराले मधात दोन रेझिस्टर लावा." बारा वर्षांपासून बँडवाल्यायचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करते मी, एवढं तर समजते.

सर हसले. "ताई, मी हे परदेशात शिकवतो."

बटण दाबलं. जळका वास आला अन् बोर्डाचा लाल दिवा गेला. दिवसभरात सिंथचा एकच इशारा बोर्डाले पोचला, तोबी शेवटचा.

सर जराही लाजले नाहीत. म्हणे, "तुमच्याकडची लाईटच खराब. व्होल्टेज वर-खाली होतं."

अन् अख्ख्या हॉलनं माना डोलावल्या.

बोर्ड माझ्या पॉवर बँकेवर चालू होता. ती टेबलावरच पडली होती, सगळ्यायच्या समोर. भिंतीच्या लाईटवर होता तो सरायचा सिंथ, अन् तो मजेत वाजत होता.

सरायचं सोडा, असे येतात अन् जातात. पण तुमी तर इथचेच. पॉवर बँक डोळ्यासमोर असून आपल्याच गावच्या लाईटले नाव ठेवताना तुमची मान कावून हालली?