आजीच्या हाकेपुढचा कंस

माझी पुतणी पुण्यात शिकते. तिच्या शाळेनं मुलांना मोबाइलवरचा शब्दकोश वापरायला शिकवलं आणि आमच्या घरातलं बोलणं बिघडलं.

बाभुळगावात आम्ही दोघंच, आई आणि मी. संध्याकाळी आई नातीला फोन लावायची आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "काय करून राह्यली माह्यी पोट्टी?" आमच्याकडे पोट्टी म्हणजे मुलगी, लाडाची असली की जरा जास्तच. पुतणीनं एक दिवस तो शब्द कोशात शोधला. तिथे कंसात लिहिलं होतं : ग्राम्य, तुच्छतादर्शक. तिनं फोनवर सरळ विचारलं, "आजी, तू मला तुच्छ का समजतेस?"

आईनं फोन ठेवला. मला म्हणाली, "मंग मी इतके दिवस लेकराले शिव्याच देत होती का रे?"

नाही, नाही म्हणून मी घसा कोरडा केला. पण कोशातल्या कंसापुढे माझं कोण ऐकतं? असा संताप आला की मी तो कोशच उघडून बसलो. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, आमच्या जिल्ह्यात जिकडे बघावं तिकडे उभी, तिच्यापुढे 'प्रांतिक'. पुण्याच्या शब्दापुढे 'प्रांतिक' लिहिलेलं मात्र मला कुठे सापडलं नाही. पुणं काय प्रांतात येत नाही? आणि ही तुच्छता ठरवली कोणी? आईच्या तोंडून तो शब्द ऐकायला कोण आलं होतं आमच्या घरी? नुसता वैताग.

आई मात्र सुधारली. "बाळा, तू कशी आहेस? अभ्यास चालू आहे ना?" असं तपासणीला आलेल्या साहेबासारखं विचारू लागली. त्यापुढे तिला शुद्ध काही सुचायचं नाही, मग "ठेवते" म्हणायची. मी चिडायचो, "माय, तू आपलं बोल ना." ती म्हणायची, "नको बापा, लेकराले वाईट वाटते."

दिवाळीच्या सुट्टीत पुतणी आली. घरातही आईचं तेच, "बाळा, जेवतेस का?" शेवटी पोर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काका, आजी माझ्यावर रागावलीय का? ती आता परक्यासारखी बोलते."

मी कपाळाला हात लावला आणि तिला आईकडे घेऊन गेलो. आई डाळ निवडत होती. पुतणीनं तिला तेच विचारलं, तेव्हा आई सुपावरची नजर न हलवता म्हणाली, "तुलेच खराब वाटला ना तो शब्द?"

"मला माहीत नव्हतं गं. तू परत म्हण ना."

आईनं तोंड उघडलं आणि ती थांबली. नातीला हाक मारायच्या आधी तिनं माझ्याकडे पाहिलं.

"चालते ना रे," तिनं विचारलं, "म्हटलं तं?"