रुमालाखाली निवडलेलं पुस्तक

वऱ्हाडात त्या वेळी कॉलेज नव्हतं. म्हणून आमच्या हेडमास्तरांनी अकोल्याच्या शाळेतल्या सर्वांत वरच्या वर्गालाच कॉलेज म्हणायला सुरुवात केली. खर्च काही नाही आणि मान मोठा. ते पुण्याचे, मी त्यांच्या हाताखालचा मास्तर, अमरावतीचा. त्यामुळे प्रोफेसर ते आणि बाकीची सगळी कामं माझी, अशी वाटणी आपोआप झाली.

वर्गातली मिसरूड फुटलेली मुलं पुढे हिवरखेडसारख्या गावांत मास्तर व्हायची होती. म्हणजे ती जसं वाचतील तसं अख्खं गाव वाचणार. त्यांना वाचन आणि निबंध शिकवायला एक पुस्तक निवडायचं होतं आणि मुंबईहून दोन नमुने आले होते. एक जाड, लाल कातड्याच्या बांधणीचं. त्यात उद्योग, विनय, गाय, सत्य अशा विषयांवर तयार निबंध. पाठ करा आणि उतरवा. दुसरं बारीक, साध्या पुठ्ठ्याचं. त्यात दर उताऱ्याखाली प्रश्न होते: लिहिणाऱ्याला हे कसं ठाऊक? त्याने काय सांगायचं टाळलं? यात फायदा कोणाचा? मग स्वतःचं मत लिहा. मला ते बारीक पुस्तक हवं होतं. त्याच्यासाठी मी जेवढी रदबदली केली तेवढी स्वतःच्या लग्नातही केली नव्हती.

निवड अर्थातच मास्तरांनी करायची नव्हती. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, विलायतेला आमचा कापूस लागत होता, आणि ज्याच्या अंगणात कापसाचे ढीग तो सर्व शास्त्रांत पारंगत, असे ते दिवस होते. कमिटीत तिघं: हेडमास्तर, बाळापूरकडचे एक देशमुख, आणि शेतकऱ्यांचा कापूस व्यापाऱ्यांना विकून देणारे गावातले सर्वांत मोठे आडते. शाळेचं नवं छप्पर आडत्यांनीच घातलं होतं, त्यामुळे पाऊस सोडून बाकी सगळं त्यांच्या मर्जीने आत येई.

बैठकही त्यांच्याच घरी झाली. मी घसा कोरडा पडेपर्यंत बोललो. देशमुखांनी जाड पुस्तक हातात तोलून पाहिलं. हेडमास्तरांनी दोन्ही पुस्तकांची सारखीच स्तुती केली. उघड मत द्यायला कोणी तयार होईना, तेव्हा आडते म्हणाले, "वाद कायले पाहिजे? बाजारात करतो तसं करू."

कापसाच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. रुमालाखाली एकमेकांचा हात धरून बोटं दाबायची. किती दाबली ते त्या दोघांनाच ठाऊक, आणि मागाहून कोणी विचारायचं नाही, असा रिवाज. बारीक पुस्तकाला एक बोट, जाड पुस्तकाला दोन, असं ठरलं. आडत्यांनी रुमाल पसरून आधी देशमुखांचा हात धरला, मग हेडमास्तरांचा. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"जाड," ते म्हणाले, आणि पान मागवलं.

'लिहिणाऱ्याला हे कसं ठाऊक' असं विचारायला शिकवणारं पुस्तक अशा रीतीने नापास झालं.

पायऱ्या उतरताना हेडमास्तर माझ्या कानाशी लागले. "मी एकच बोट दिलं हो. देशमुखांना काय कळणार त्यातलं!" फाटकाशी देशमुख आपल्या बैलांच्या दमणीत चढता चढता मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, मी त एकच बोट दाबलं. तुमच्या हेडमास्तरानंच घात केला." मी दोघांना समोरासमोर उभं केलं आणि म्हटलं, आत चला, हेच तिथे सांगा.

देशमुख म्हणाले, "माहा कापूस त्यायच्याच आडतीत पडून हाय." हेडमास्तरांना शाळेचं छप्पर आठवलं. आणि काही झालं तरी रुमालाखालची गोष्ट बाहेर काढत नसतात, असं दोघंही म्हणाले. कमिटीचं त्या दिवशी एकमत झालं ते एवढ्यावरच.

मी एकटाच परत आत गेलो. अंगाचा तिळपापड होत होता. "दोघांनीही एकेकच बोट दिलं होतं," मी म्हटलं.

"हो," आडते म्हणाले. "बसा."

बारीक पुस्तक त्यांच्या मांडीवर उघडं होतं. "काल मागून आनलं होतं, सारं वाचलं. लय चांगलं हाय. मुंबईच्या भावाची खबर मी सांगतो, आन् लोक माह्या शब्दावर कापूस टाकून जातात. उद्या तुमचे पोट्टे गावोगाव शिकवतीन, तुमाले हे कसं ठाऊक, यात फायदा कोनाचा. मंग मी काय सांगू?"

कमिटीत ते पुस्तक वाचलेला माणूस हा एकटाच निघाला, आणि समजलेलाही.

"माहा पोरगा हे सारं सांभाळनार हाय," ते पुढे म्हणाले. "त्याले दुसऱ्याचं बोलनं पारखता आलं पाहिजे. तुमी घरी येऊन त्याले हेच पुस्तक शिकवा."

"आणि वर्गाला?"

"वर्गाले जाड."

मी नाही म्हटलं. ते रागावले नाहीत, उलट मलाही पान दिलं. पुढच्याच आठवड्यापासून हेडमास्तर त्या घरी शिकवायला जाऊ लागले.

मी वर्गात लाल पुस्तकाचं पहिलं पान उघडलं आणि म्हटलं, हे पाठ करा. सगळे माना खाली घालून पाठ करायला लागले. कावून, म्हणजे का म्हणून, असं एकानेही विचारलं नाही.