आंबट माती

"थांबा साहेब, आधी नाकाला इचारू द्या," म्हणत ते बाटलीचं बूच काढायचे, तळहातानं वाफ हलकेच स्वतःकडे ओढायचे आणि डोळे मिटायचे. चिकलठाण्यातल्या साबणाच्या कारखान्यात ते लॅब अटेंडंट होते आणि मी नवा केमिस्ट. ते वयानं मोठे, तरी मी त्यांना अरे-तुरे करायचो.

साबण बनवताना ग्लिसरीन उरतं, हे तुम्हाला ठाऊक असेल. त्यात अॅसिटिक अॅसिड मिसळून अत्तरवाल्यांना लागणारं एक द्रव्य बनवायची माझी खटपट चालली होती. क्रिया घडावी म्हणून मी गंधकाम्ल घालायचो. नंतर ते मालातून काढता काढता पुरेवाट व्हायची.

"आपली आंबट माती टाकून बघा की," ते म्हणाले. म्हणजे तेल स्वच्छ करायला वापरतात ती, आम्लात मुरवून धुतलेली माती. "ती इरघळत नाय. गाळली की झाली बाजूला."

मी हसलो. त्यांनी टाकलीच. दुपारी फ्लास्कवर हात हलवून म्हणाले, "आंबट वास लई उतरला, साहेब!"

तपासून पाहिलं. खरंच, बरंचसं अॅसिड क्रियेत खपलं होतं.

मग तीच माती धुऊन, वाळवून पुन्हा वापरायची. दर खेपेला ते ट्रेच्या कडेवर खिळ्यानं एक रेघ ओढायचे. सहाव्या रेघेला म्हणाले, "माती दमली. तिला परत आम्ल पाजा." माती दमते म्हणजे नेमकं काय होतं, हे मी नंतर कितीतरी दिवस पुस्तकांतून शोधत होतो.

अहवाल मुंबईच्या हेड ऑफिसला जायचा होता. त्यांनी एकदाच मागितलं, "माझं बी नाव घाला. केमिस्टचा मदतनीस तरी करतील."

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे ते दिवस. सुट्टीच्या दिवशी ते मोर्चाला जायचे. "मोर्चेवाल्याचं नाव वर कशाला पाठवता?" मॅनेजर सहज म्हणाले. धमकी नव्हती, हुकूमही नव्हता. मला बढती हवी होती. मी एकट्याचं नाव टाइप करवलं.

कार्बन कॉपी त्यांनी शेवटपर्यंत वाचली, मग नाकाशी नेली.

"शाईचा वास येतोय साहेब. मातीचा नाय."

आणि ट्रे धुवायला गेले.

पुढं सत्याग्रहात त्यांना अटक झाली. सुटून आले, तर गेटवरच्या कामगारांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. वॉचमनशी बोलत ते बराच वेळ उभे होते. मी लॅबच्या खिडकीतून पाहत राहिलो, खाली उतरलो नाही.

बऱ्याच वर्षांनी विद्यापीठाला नवं नाव मिळालं. त्या दिवशी कमानीपाशी गर्दीत मी एकेक चेहरा न्याहाळत होतो. ते दिसले नाहीत.

या लेखात त्यांचं नाव नाही, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. तेव्हा त्यांना न विचारता गाळलं. आता न विचारता घालू कसं?