मलिद्याचा अकरावा माणूस

शिक्षिकाबाईंच्या निधनाला वर्ष पूर्ण झाले म्हणून त्यांच्या शाळेने एक पुस्तिका काढली आहे. सत्त्याण्णव वर्षांचे आयुष्य, त्यातली साठाहून अधिक वर्षे या देशात, इस्रायलमध्ये, गेलेली, चार पोटची मुले आणि शेकडो परकी मुले वाढवलेली. इतके सारे चाळीस पानांत बसवताना काही निसटणार, हे मी समजू शकतो. परंतु सतराव्या पानावर छापलेला मजकूर निव्वळ खोटा आहे. तेथे म्हटले आहे की, स्वयंपाकघरात काम करणाऱ्या एका निरक्षर भारतीय स्त्रीला बाईंनी अक्षरओळख करून दिली आणि तिला शिक्षिका बनवले.

ती भारतीय स्त्री माझी पत्नी होती. मुंबईत म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत तिने सहा वर्षे पहिलीचा वर्ग शिकवला होता, आणि तिचे अक्षर असे की हेडमास्तर फळ्यावरचा सुविचार तिच्याकडूनच लिहून घेत.

आमच्या लोकांत, म्हणजे मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल ज्यूंत, दुसरीच कथा चालते. मिशनवाल्या बाईने माझ्या पत्नीला बाटवायला घेतले होते आणि मी तिला वेळेवर ओढून आणले, अशी. तीही खोटी. बाई बॅप्टिस्ट पंथाच्या ख्रिस्ती होत्या, हे त्यांनी कधी लपवले नाही. रोज सकाळी मुलांसमोर त्या आपले बायबल वाचत. पण शुक्रवारी माझ्या पत्नीला शब्बाथचे दिवे लावायला उशीर होऊ नये म्हणून दुपारीच तिला बसमध्ये बसवून देणाऱ्याही त्याच होत्या.

तिसरी कथा माझ्या मुलीची. ती आपल्या मुलांना हिब्रूत सांगते की, आमचे अब्बा त्या काळातही फार मोकळ्या मनाचे होते. माझी मुलगी त्या वेळी तीन वर्षांची होती आणि ज्या संध्याकाळविषयी ती बोलते त्या संध्याकाळी शेजारणीच्या मांडीवर झोपलेली होती. मी मोकळ्या मनाचा नव्हतो. मला बाईंचा मत्सर वाटत होता. तो मत्सर माझा आहे. तो खोडून त्या जागी कोणी औदार्य लिहू नये.

एकोणीसशे बासष्टमध्ये आम्ही पेताह तिक्व्याला आलो. मुंबईच्या गोदीत मी फिटर होतो. येथे संत्र्यांच्या वखारीत खोक्यांना खिळे ठोकू लागलो. गावाबाहेर बागांमध्ये बॅप्टिस्टांची मुलांची शाळा आणि वसतिगृह होते. बाई विधवा होत्या, अमेरिकेहून आलेल्या, आणि ते सारे एकट्या सांभाळत होत्या. माझी पत्नी तेथे स्वयंपाकघरात लागली. दुसऱ्याच महिन्यात, लहान मुलांचा वर्ग शिक्षकाविना राहिला असता, तिने ऑलिव्हच्या बिया धुऊन घेतल्या आणि मुंबईत चिंचोक्यांनी शिकवी तसे त्या मुलांना अंक शिकवू लागली. बाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या हातातली सुरी काढून घेतली आणि खडू दिला. हिब्रू त्या दोघी एकाच क्रमिक पुस्तकातून शिकल्या. कोण कोणाला शिकवीत होते, हे त्यांनाही सांगता आले नसते.

घरी मात्र मला बाईंखेरीज दुसरे काही ऐकायला मिळेना.

"आज बाई म्हणाल्या..."

"आमटीत मीठ कमी आहे."

"ते बाई नाही म्हणाल्या. ते तुम्ही म्हणताय."

मुंबईत संध्याकाळी मी गोदीतल्या गोष्टी सांगत असे आणि ती ऐकत असे. आता सांगण्यासारखे तिच्याकडे होते. खोक्यांविषयी सांगण्यासारखे काय असते?

चौसष्टच्या आरंभी बाईंची धाकटी मुलगी तापाने आजारी पडली आणि कित्येक दिवस इस्पितळात होती. ती बरी होऊन घरी आली त्या आठवड्यात माझ्या पत्नीने फळीवरून पोह्यांचा डबा उतरवला. मुंबईहून आणलेले ते पोहे आम्ही जपून ठेवले होते, कारण या देशात ते कोठेच मिळत नसत.

"कशाला काढलास?"

"मलिदा घालायचाय. एलियाहू हनाबीला नवस बोलले होते. पोर वाचली तर."

"त्यांच्या पोरीसाठी?"

"पोरीसाठी. पोरीला काय धर्म विचारून ताप येतो?"

एलियाहू हनाबीला, म्हणजे एलिया संदेष्ट्याला, बोललेला नवस मलिद्याने फेडायचा, ही आम्हा बेने इस्रायलांची पिढ्यान्पिढ्यांची रीत. गूळ, खोबरे आणि वेलची घातलेल्या पोह्यांचे ताट, त्यावर फळे, भोवती बसून केलेली प्रार्थना. दहा पुरुष जमल्यावाचून ताटाला हात लावायचा नाही, हा आमच्या घराचा दंडक. मी तिला विचारले, वखारीत माझा हात यंत्रात सापडला तेव्हा नवस कोठे गेला होता?

"तुमचं बोट खरचटलं होतं," ती म्हणाली आणि गूळ चिरू लागली.

त्या दिवसांत आमच्या लोकांची लग्ने लावण्यापूर्वी येथले रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, आमच्या आज्यापणज्यांची चौकशी करीत होते. जेथे तेथे त्याचीच चर्चा. माझे मामासासरे, जे प्रार्थना म्हणणार होते, मला म्हणाले, "जावईबापू, इथे आपल्या ज्यूपणाचे दाखले मागताहेत, आणि तुमच्या घरी मिशनच्या पोरीचा मलिदा! मी येईन, भाची आहे माझी. पण बोलेन." मलिद्याला न बसण्यासाठी मला हे कारण फार सोयीचे वाटले. पुढे मी सर्वांना तेच सांगितले. ते माझे कारण नव्हते.

ठरलेल्या संध्याकाळी मी घरातून निघालो आणि कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर जाऊन बसलो. आत नऊ जण जमणार होते, हे मला ठाऊक होते. मी गेलो नाही तर ताट तसेच राहील, पोहे सुकतील आणि त्या घरात कोणाची गरज आहे हे तिला कळेल, असा माझा हिशेब होता. उन्हे उतरली. एक बस आली आणि तिच्यातून बाई उतरल्या. एका हाताला मुलगी, कोकराइतकी हलकी झालेली, आणि मागे टोपी घातलेला एक रुमानियाचा माणूस.

"शालोम, महाशय. बसची वाट पाहता?"

"हो."

"कुठल्या?"

मला एकाही बसचे नाव सुचले नाही. मी विचारले, "हे कोण?"

"आमचे माळी. ज्यू आहेत. तुमच्या पत्नीने काल मला सांगितलं, एक माणूस घेऊन या, नऊच होतील."

काल. म्हणजे आदल्या दिवशीच, मी तिच्यासमोर बसून चहा पीत असताना, तिने मला वजा केले होते आणि माझ्या जागी संत्र्यांच्या झाडांना पाणी घालणारा माणूस बसवला होता. तोही बाईंच्या शाळेतला. मी उठलो. आजारी मुलगी हळू चालत होती म्हणून त्या तिघांच्या पुढे निघून जाणे मला जमले. जवळजवळ धावतच मी घरात शिरलो आणि ताटाच्या अगदी समोर बसलो.

"आलात?" मामासासरे म्हणाले. "आम्हाला वाटलं पार दक्षिणेला बेर्शेब्याला पोचलात."

"जागा द्या."

मागून माळी आत आला. मामासासऱ्यांनी बोटाने मोजले. "अकरा. एक जास्त झाला." कोण, हे त्यांनी सांगितले नाही, तरी सर्वांनी माझ्याकडे पाहिले.

प्रार्थना झाली. माझ्या पत्नीने पहिली मूठ बाईंच्या मुलीला दिली, दुसरी बाईंना. बाईंनी ती ओंजळीत घेतली, डोळे मिटून आपल्या रीतीने आभार मानले आणि मग खाल्ली. नंतर पुरुष. शेवटी मी.

सगळे गेल्यावर मी विचारले, "पहिली त्यांना का?"

"पाहुण्या आहेत."

"आणि मी शेवटी?"

"तुम्ही अकरावे ना." तिने ताट माझ्यापुढे सरकवले. "शेवटच्याला उरलेलं सगळं मिळतं. खा."

मी खाल्ले. औदार्याने मी आत गेलो नव्हतो, हे मुलीने नातवंडांना सांगावे.

माझी पत्नी बाईंच्या कितीतरी आधी गेली. सुतकाच्या सातही दिवशी ऐंशी ओलांडलेल्या बाई काठी टेकीत आल्या आणि आलेल्या प्रत्येकाला सांगत राहिल्या की, "मला भेटण्याआधीपासून ती शिक्षिका होती." सतराव्या पानाविरुद्ध याहून मोठा पुरावा मी देऊ शकत नाही. त्या रडत होत्या आणि मला रडू येत नव्हते, याचाही मला राग आला होता.

बाईंच्या दफनाला मी गेलो. त्यांच्या पंथात दहा पुरुषांचा दंडक नाही, हे मला ठाऊक होते. तरी सवयीने मी मोजले. पुष्कळ होते, माझी गरज नव्हती. शेवटचा माणूस जाईपर्यंत मी तेथे उभा होतो, आणि पुस्तिकेत तेही आलेले नाही.