गुणाजीकाकांची तेलाची कुपी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर तिने मला त्याच दिवशी कॅसलरॉकच्या गाडीत बसवलं असतं — म्हणून तर सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगतोय. कदाचित तुम्ही मला ओळखतही असाल, कारण माझा तो व्हिडिओ बऱ्याच जणांनी पाहिला. गंजून गेलेली जुनी लेथ, आणि शेवटी लख्ख होऊन फिरणारी तीच लेथ. पाहिलाय का? त्यातला शेवट खरा आहे. सुरुवात — थांबा, नीट सांगतो.

लोंढ्याजवळ रामनगरला माझं जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे. पंप, मिक्सर, गिरणीच्या मोटारी. पोट त्यावर चालतं, पण जीव जुन्या यंत्रांत. जुनं काही दिसलं की उघडायचं, धुवायचं, पुन्हा जुळवायचं. बायको म्हणते, घरात मीच एक नवी वस्तू आहे, तेवढी उघडू नका. तर मला कधीपासून एक छोटी लेथ हवी होती — लोखंडाचं काम करणारी, जुन्या काळची, टेबलावर मावेल अशी. कुणीतरी म्हणालं, कॅसलरॉकला गुणाजीकाकांकडे आहे. त्यांचे डोळे गेलेत, आता द्यायची म्हणतात.

गुणाजीकाका म्हणजे त्या भागातले टर्नर, लेथवर लोखंड कातणारे. भातगिरणीचा शाफ्ट झिजला, पंपाचं बुश गेलं की माणसं त्यांच्याकडे जायची. पुढे काचबिंदू झाला आणि माणूस समोर आला तरी नुसती सावली दिसायला लागली. काम सुटलं, पण यंत्र सुटलं नव्हतं. चुलीमागच्या खोलीत ते वाकळ पांघरून ठेवलं होतं. आमच्याकडचा पावसाळा तुम्हाला ठाऊक असेल तर कळेल मी काय म्हणतो ते. चपलांना बुरशी येते, काडेपेटी सादळते, उघडा खिळा बघता बघता तांबडा होतो. पण काका पावसाळाभर यंत्राखाली भाताच्या तुसाची शेगडी धुमसत ठेवायचे. सूनबाई माझ्यासमोरच म्हणाली, "पोराची कापडं वाळंनात, आन् मशीनीला शेगडी!" काका नुसते हसले.

मी वाकळ काढली. बेडवर, म्हणजे लेथच्या त्या लांब सपाट अंगावर, मला माझं तोंड दिसलं. बोट फिरवलं तर बोटाला तेल लागलं. फक्त तेल. गंजाचा ठिपकासुद्धा नव्हता — हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

सौदा झाल्यावर काकांनी एकच गोष्ट मागितली. लांब नळीची एक पितळी कुपी होती, तेल घालायची. "तेवढी ऱ्हाऊ दे माझ्याकडं, तम्मा. हाताला सवय हाय." आमच्याकडे धाकट्या भावाला कानडीत तम्मा म्हणतात. मला ते पहिल्या भेटीपासून तसंच म्हणाले.

लेथ दुकानामागच्या शेडमध्ये आली आणि मी खट्टू झालो. हसू नका. यंत्र दुरुस्त करायचे व्हिडिओ मी रोज बघायचो. त्या सगळ्यांत सुरुवातीला गंज असतो. गंज नसेल तर बघणारा थांबणार कशाला? मी रंग आणला होता, ब्रश आणले होते, फोन ठेवायला स्टँड आणला होता, आणि यंत्राला तर काहीच झालेलं नव्हतं. एका म्हाताऱ्या माणसाने ते इतकं जपलं होतं की मला करायला काम उरलं नव्हतं. मला त्यांचा राग आला. खरंच आला.

मग मी काय केलं? मी रॉकेलने त्याचं सगळं तेल पुसून काढलं. मिठाचं पाणी केलं. ते फडक्याने बेडवर, लोखंड पकडणाऱ्या चकवर, हँडलवर चोपडलं. आणि ऐन श्रावणात ते यंत्र पागोळ्यांखाली ठेवून दिलं. जाता-येता बघायचो आणि — हे सांगताना जीभ अडते — गंज वाढताना बघून मला बरं वाटायचं.

पाऊस सरल्यावर चित्रीकरण केलं. खरवडलं, घासलं, भाग सुटे केले, रंग दिला. ते काम मी मन लावून केलं. पण सुरुवातीला, तांबडं यंत्र दाखवताना, मी माझ्या तोंडाने म्हणालो की कॅसलरॉकच्या एका घरात हे कोपऱ्यात पडलं होतं, मालकाने याला कधी तेलाचा थेंब पाजला नसेल. नाव घेतलं नाही. पण कॅसलरॉकमध्ये लेथ होत्या कितीशा?

काकांच्या मुलाने गोव्याहून तो व्हिडिओ आपल्या बायकोला, म्हणजे सूनबाईला पाठवला. तिने तो सासऱ्यांना ऐकवला. काय दिसतंय तेही सांगितलं असणार.

दिवाळीनंतर काका आले. सूनबाईचा हात धरून गाडीने लोंढ्याला, तिथून बसने रामनगरला. मला वाटलं, आता हे मला फाडून खाणार. खाल्लं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी आधी यंत्र मागितलं. मी त्यांचा हात बेडवर ठेवला. बराच वेळ चाचपत राहिले. "ब्येस केलीस बघ," म्हणाले. मग म्हणाले, "तम्मा, मी रोज पुसायचो रं. रोज चाचपायचो. मला तर गुळगुळीत लागायची. डोळं गेलं ते गेलं, आता बोटं बी गेली म्हणायची." आणि पिशवीतून कुपी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "गंजकी वस्तू दिली तुला. माफ कर. ही बी ठेव. मला काय जमलं न्हाई हिचं."

सूनबाई दारात उभी होती. एक वाक्य पुरलं असतं. तोंड उघडलं की सुटणार होतो — आणि मी तोंड उघडलंसुद्धा. म्हणालो, "असू द्या काका. वय झालं की व्हतंय असं."

तेच सांगायचं होतं तुम्हाला. मीठ, पाऊस, व्हिडिओ — ते एक वेळ हावरेपणा म्हणून खपेल. पण ज्या माणसाचे डोळे गेले होते त्याची बोटंही मी काढून घेतली, आणि वर त्याला माफ केलं. कुपी घेतली. चहा पाजला. बसपर्यंत पोचवायलाही गेलो.

पुढे एकदा सूनबाई लोंढ्याच्या स्टेशनवर भेटली. बाई मायाळू, पण दमलेली. म्हणाली, "अण्णा, मामंजी आता कशालाच हात लावत न्हाईत." आधी ते सुपारी कातरायचे, विळ्याला धार लावायचे, स्वतःची दाढी स्वतः करायचे. आता घरातलेच काळजीने म्हणायचे, ऱ्हाऊ द्या, मशीनीचं काय झालं बघितलंत न्हवं? आणि ते हातातलं खाली ठेवायचे. तोंड पुसलं तरी नातवाला विचारायचे, निघालं काय रं? गाडीला उशीर होता. सांगायला भरपूर वेळ होता. मी तिला पोराची शाळा विचारली.

गेल्या पावसाळ्यात काका गेले. बाराव्याला मी गेलो होतो. मुलाने त्यांची आठवण म्हणून लेथची गोष्ट सांगितली — आमचे बाबा बघा, रोज पुसायचे बिचारे, आणि खाली गंज! लोक मायेने हसले. मीही हसलो.

कुपी माझ्या दुकानात आहे. लेथला तेल घालायला मी दुसरी आणली. ही उचलत नाही.

तुम्ही तो व्हिडिओ पाहिला असेल तर इतकं ध्यानात ठेवा. कॅसलरॉकहून ती लेथ निघाली तेव्हा तिच्यावर गंज नव्हता. गुणाजीकाका रोज पुसायचे, आणि त्यांच्या बोटांना जे लागायचं ते बरोबर होतं.