पंप डिकीत गेला

गॅरेजात लोक दुरुस्त झालेली गाडी घेऊन जातात, तिची गोष्ट मात्र आमच्याकडेच टाकून जातात. अलिबागला स्टँडामागं भाई म्हात्र्यांचं गॅरेज होतं आणि मी तिथं मिस्त्री होतो. देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती, आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा. त्या काळातल्या गोष्टी इतक्या साचल्यात की एकीला हात घातला तर दुसऱ्या चार अंगावर येतात. म्हणून आज फक्त हुसेनचाचांच्या टॅक्सीच्या सांगतो.

गाडी लढाईच्या आधीची, अमेरिकन, होडीएवढी लांब. चाचा रेवदंड्याला माणसं आणि मासळी भरायचे, अलिबागला थोडं थांबायचे आणि पुढं रेवसच्या धक्क्यावर मुंबईची लाँच गाठून द्यायचे. लाँच भरतीवर सुटायची, कुणासाठी थांबायची नाही. त्यामुळं चाचांच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. चहासुद्धा उभ्यानं प्यायचे.

*

त्या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला. इंजिन फिरलं की पंप हलायचा आणि टाकीतलं पेट्रोल ओढायचा. थंडीत सगळं ठीक. उन्हाळ्यात मात्र गाडी अलिबागला थांबली की इंजिनच्या तापानं पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी पुन्हा सुरू व्हायचं नाव घेत नसे.

मे महिन्यातली दुपार. गाडीत रेवदंड्याची जानकीबाय बसलेली. ती मासळी घेऊन मुंबईला जायची, बरोबर पापलेटांच्या टोपल्या, वर बर्फ. गाडी अडली. चाचांनी पंपावर ओलं फडकं घातलं, पाणी ओतलं, हातानं वारा घातला. मग त्यांचा धीर सुटला. त्यांनी सरळ जानकीबायच्या टोपलीतला बर्फ उचलला आणि पंपावर दाबून धरला. गाडी सुरू!

"माजा बरफ तुजे गारीला," जानकीबाय म्हणाली, "न् माजी पापलेटा काय तुजे डोक्यावर ठेवू?"

लाँच मिळाली. दुसऱ्या दिवशी जानकीबाय आली ती बर्फाचे दोन गोळे घेऊन. "यो पापलेटांचा," तिनं दाखवलं, "न् यो तुजे इंजिनचा."

*

बर्फावर उन्हाळा निघाला असता, पण पंपातला पडदा फाटला. तो हलतो म्हणून पेट्रोल ओढलं जातं. नवा कुठं मिळेना. भाईंनी छत्रीचं कापड कापून बसवलं, ते गेलं. मग स्वतःच्या रेनकोटाचा खिसा कापला. तो टिकला, पण एका सकाळी नेमका रेवसच्या वाटेवर फाटला.

चाचांनी आणि उतारूंनी मिळून गाडी ढकलली. धक्का दिसायला लागला तेव्हा लाँच सुटली होती. जानकीबाय टोपल्यांजवळ उभी राहून तिच्याकडं बघत राहिली. चाचांना ती एक शब्दही बोलली नाही.

संध्याकाळी चाचा गॅरेजात आले आणि बाकावर बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना बसलेलं प्रथमच पाहत होतो.

"शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं," ते म्हणाले.

भाई गॅरेजात येरझाऱ्या घालत होते. एकदम थांबून म्हणाले, "हुसेन, तो पंपच काढून टाकू. विजेवरचा घालू. तो मागं बसतो, टाकीजवळ. इंजिनचा ताप तिथं पोचायचा नाही."

"म्हणजे काळीज काढून पाठीला बांधणार?"

"चाललं म्हणजे झालं ना?"

"चालेल काय?"

"ते आता कसं सांगू?" भाई म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पंप शोधायला मुंबईच्या भंगार बाजारात निघून गेले. परत आले ते पंप धोतराच्या सोग्यात गुंडाळून, तान्ह्या पोरासारखा धरून.

*

पंप बसवायच्या दिवशी शेजारच्या शाळेतले मास्तर बघायला आले. पांढरं स्वच्छ धोतर, पण उभे लांब, दारात.

"म्हात्रे, शॉक बसतो का हो?"

"छे, या जवळ. बघा तरी."

जुना पंप काढला की इंजिनला त्या जागी भोक राहतं. भाईंनी ते बिस्किटांच्या डब्याचा पत्रा कापून बंद केलं होतं. मास्तर भीत भीत बॉनेटवर वाकले आणि मी इंजिन सुरू केलं. पत्र्यानं जागा सोडली आणि आतलं काळं तेल मास्तरांच्या छातीपासून पायापर्यंत उडालं.

मास्तरांनी सरळ होऊन धोतराकडं पाहिलं. मग म्हणाले, "नाही बसला शॉक."

*

जाड पत्रा घातल्यावर गाडी धावायला लागली. ऊन असो, चढ असो, अडायची म्हणून नाही. पण नवा पंप टिकटिक करायचा आणि चाचांना नवा घोर लागला. टिकटिक चालू आहे ना? हळू झाली का? रस्त्यात गाडी उभी करून ते मागं जाऊन डिकीला कान लावायचे.

शेवटी त्यांनी उतारूंना बोलायची बंदी केली. "गप बसा. पंप ऐकू येत न्हाय."

जानकीबाय रेवदंड्यापासून रेवसपर्यंत तोंड मिटून आली, हे धक्क्यावर कुणी खरं मानेना.

*

मुंबई राज्यात तेव्हा दारूबंदी. नाक्यावर एका नव्या शिपायानं डिकी उघडली. आत टाकीजवळ तांब्याची नळी, पितळी डबा, वर टिकटिक. त्याला वाटलं, भट्टी सापडली.

"ह्यात घालतोस काय?"

"पेट्रोल."

"आणि पुढं काय निघतं?"

चाचा लाँचच्या विचारात. म्हणाले, "रेवस."

*

विजेच्या पंपाची एक खोड होती. इंजिन बंद असलं आणि किल्ली चालू राहिली, तर पंप पेट्रोल ढकलत राहायचा. चाचा एकदा तशीच किल्ली ठेवून नमाजाला गेले आणि परत आले तर गाडीखाली पेट्रोलचा ओघळ. कुणी बिडी टाकली असती तर? भाईंनी लगेच पंपाला वेगळं बटण बसवलं, सीटच्या खाली, कुणाला दिसणार नाही असं. बटण बंद म्हणजे पंप बंद. पुढं इंजिनपाशी शिल्लक राहिलेल्या पेट्रोलवर गाडी फार तर पुढच्या वळणापर्यंत जाणार.

एका शुक्रवारी चाचा मशिदीत असताना गाडी गेली. किल्ली गाडीतच होती. मी गॅरेजाच्या दारात काम करत होतो, तर समोरून गाडी येताना दिसली, बंद पडलेली. चार-पाच जण मागून ढकलत होते. स्टिअरिंगवर एक अनोळखी माणूस, तिशीतला, शर्ट घामानं भिजलेला.

"मिस्त्री, लवकर बघा," तो म्हणाला. "चालता चालता बंद पडली."

मी काही बोलणार तोच मागून ढकलणाऱ्यांतला एक जण पुढं आला. डोक्याला टोपी, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या. हुसेनचाचा. मशिदीतून परतताना रस्त्यात गाडी ढकलणाऱ्यांना हात द्यायला गेले, तर ती निघाली आपलीच गाडी.

त्या माणसानं चाचांकडं पाहिलं. चाचांनी त्याच्याकडं. माणसाचा हात दाराच्या कडीवर गेला, पण तो पळाला नाही.

"सरक," चाचा म्हणाले.

तो बाजूला सरकला. चाचा स्टिअरिंगवर बसले, सीटखाली हात घालून त्यांनी बटण दाबलं. मागं टिकटिक सुरू झाली. ती एकसारखी होईपर्यंत ते थांबले.

"कुठं जायचंय?"

माणसानं बाहीनं घाम पुसला. मग तो म्हणाला, "रेवस. लाँच चुकेल माझी."

चाचांनी गाडी वळवली आणि नेली.

संध्याकाळी ते परतले. चहा हातात घेऊन उभ्यानंच प्यायला लागले. मी म्हटलं, "चाचा, कोण होता तो?"

"पॅसेंजर," चाचा म्हणाले.