डॉर्कस पेलचा निरोप

डॉर्कस पेल माझ्या वरच्या खोलीत राहायची. लंडनजवळच्या वुलिचच्या बराकीतल्या शिपायांचे कपडे आम्ही दोघी एकाच हौदावर धुवायचो. सोड्याने फुटलेले हात दोघींचे सारखेच. जीभ मात्र तिची जास्त तिखट.

तिचा नवरा एमोस पायदळात शिपाई. रशियाशी लढाई जुंपली त्या वर्षी पलटण निघाली. सोबत मोजक्याच बायका नेणार होते, म्हणून धक्क्यावरच टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. डॉर्कसच्या चिठ्ठीत 'राहणे' निघालं.

एमोसचा चेहरा पडला. पण चार सोबत्यांसमोर रडायचं कसं? तो मोठ्याने म्हणाला, "सुटलो बुवा! हिच्यापेक्षा रशियन परवडले."

सगळे हसले. डॉर्कस भडकली. "मग कर त्यांच्याशीच संसार!" म्हणाली आणि पाठ फिरवून चालू लागली. त्याने दोनदा हाक मारली.

"अगं, वळून तरी बघ," मी म्हणाले.

"नाही बघत जा!"

आम्ही फाटकापर्यंत पोचलो तेव्हा जहाजाचा भोंगा झाला.

उन्हाळा सरता सरता हार्ल नावाच्या चित्रकाराने तिला धोब्यांच्या गल्लीत पाहिलं आणि पैसे देऊन चित्रासाठी उभं राहायला बोलावलं. शिपायाचा निरोप हा त्या वर्षी चित्रकारांचा आवडता विषय. शिपाई म्हणून त्याने जेबेझ मॉय या बेकरीतल्या दांडग्या गड्याला भाड्याचा लाल कोट चढवला होता. बाई एकटी गेली तर लोक बोलतील, म्हणून मीही सोबत जायचे.

"त्याच्या गळ्यात पड आणि रड," हार्ल म्हणाला.

"असं कोण करतं साहेब? धक्क्यावर त्या रेटारेटीत टोपी सांभाळायची का रडायचं?"

"मग तू काय केलंस?"

"पाठ फिरवली."

"ते बघायला कोण येणार!"

ती जेबेझच्या खांद्यावर हात टाकून लाकडासारखी उभी राहायची. हार्ल कातावायचा.

सप्टेंबरात सार्जंटचं पत्र आलं. काळ्या समुद्राकाठी व्हार्नाच्या छावणीत पटकीच्या साथीत एमोस गेला होता. एक गोळीसुद्धा झाडली नव्हती त्याने. पुरलं तेही इतरांबरोबर, एकाच खड्ड्यात. पत्र मीच वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती टोपी घालून दारात उभी.

"आज तरी नको गं," मी म्हणाले.

"आज जायलाच हवं."

त्या दिवशी तिने जेबेझला जी मिठी मारली, ती सुटेचना. त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती. गड्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. हार्ल भराभर रेघा ओढत ओरडला, "हलू नका! असंच राहा!"

"साहेब, ठेवा ती पेन्सिल खाली!" जेबेझ खेकसला. हार्लने ठेवली नाही.

जिन्यात मी जेबेझला गाठलं. "काय म्हणत होती रे?"

"म्हणाली, 'मारलीस ना हाक? हे बघ, वळले.'"

ती पुन्हा तिकडे गेली नाही. त्या दिवसाच्या रेखाटनावरून चित्र पुरं झालं आणि पुढच्या मे महिन्यात लंडनला प्रदर्शनात लागलं. मी एकटीच पाहून आले. चेहरा कुणा नाजूक पोरीचा लावला होता आणि हात दुधासारखे गोरे. मानेचा बाक तेवढा डॉर्कसचा. बायका रुमाल डोळ्यांना लावून उभ्या होत्या.

"गर्दी होती का?" परतल्यावर तिने विचारलं.

"खूप."

"बरं," म्हणाली आणि चादर पिळत राहिली.

जेबेझ दोन रविवार फडक्यात पाव बांधून आला. तिने त्याला पायरीवर बसवलं. पाव घेतला, दोन शब्द बोलली. तिसऱ्या रविवारी तो आला नाही. पलटणीत नाव घालून तो गेल्याचं बेकरीवालीकडून कळलं. परतला की नाही, ठाऊक नाही.

डॉर्कस त्यानंतर सहा वर्षं जगली. छातीच्या दुखण्याने खंगली. शेवटी शेवटी बोलता येत नव्हतं, पण माझा हात सोडायची नाही. हौदावर कपडे पडून होते, म्हणून मी बोटं सोडवून तासाभरासाठी खाली उतरले. तेवढ्यात ती गेली.